ज्यूल्स व्हर्नच्या कादंबरीवरचे चांदीचे नाणे : पारख, खरेदी आणि जतन

फ्रेंच लेखक ज्यूल्स व्हर्न याचे २४ मार्च १९०५ रोजी आमियां या शहरात निधन झाले. त्याच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने पॅरिसच्या टांकसाळीने २००५ पासून त्याच्या साहसकथांवर चांदीच्या स्मरणनाण्यांची एक मालिका काढली. ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या कादंबरीवरचे दीड युरोचे नाणे त्याच मालिकेतले. टांकसाळीतून ते विकले जाण्याचे दिवस केव्हाच सरले असून आज ते लिलावांत, नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे किंवा एखाद्या संग्राहकाने संग्रह मोडायला काढला तरच मिळते. म्हणजे खरेपणाची खात्री देणारा मूळ विक्रेता मध्ये उरलेला नाही आणि पारखण्याची सगळी जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ती कशी पार पाडावी आणि नाणे घरी आल्यावर ते पिढ्यान् पिढ्या टिकेल असे कसे ठेवावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. येथे दिलेली मापे या नाण्याची असली, तरी परदेशी टांकसाळीचे कोणतेही चांदीचे स्मरणनाणे घेताना हीच पद्धत वापरता येते.

मराठी संग्राहकाला या नाण्याविषयी वेगळी ओढ वाटावी, याला सबळ कारण आहे. व्हर्नच्या कथा भा. रा. भागवतांनी मराठी मुलांपर्यंत आणल्या, हे तर आहेच. शिवाय ही कादंबरी मुंबईतून जाते. २ ऑक्टोबर १८७२ रोजी वीस हजार पौंडांची पैज लावून लंडनहून निघालेला फिलियस फॉग ‘मंगोलिया’ या आगबोटीने २० ऑक्टोबरला, वेळापत्रकापेक्षा दोन दिवस आधी, मुंबईच्या धक्क्याला लागतो. त्याचा नोकर पासपार्टू मलबार हिलवरच्या देवळात पायातले न काढता शिरतो आणि मार खाऊन पळतो. रात्री आठच्या गाडीने दोघे साष्टी, ठाणे आणि सह्याद्रीचा घाट ओलांडून बऱ्हाणपूरच्या दिशेने जातात. पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात आणि फॉगला दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई–कलकत्ता हा सलग लोहमार्ग जबलपूरमार्गे मार्च १८७० मध्येच पुरा झाला होता. रुळांतला तो खंड व्हर्नने कथेसाठी निर्माण केला. ‘ल तां’ या पॅरिसच्या वृत्तपत्रात ही कथा नोव्हेंबर–डिसेंबर १८७२ मध्ये क्रमशः आली, म्हणजे कथेतला काळ आणि वाचकांचा काळ जवळजवळ एकच होता.

पहिली पायरी : आपण नेमके काय घेत आहोत, हे ठरवा

कोणत्याही जाहिरातीकडे वळण्यापूर्वी नाण्याची मापे एका कागदावर लिहून ठेवावीत. या मालिकेतले दीड युरोचे नाणे ९०० कसाच्या चांदीचे, २२.२ ग्रॅम वजनाचे आणि ३७ मिलिमीटर व्यासाचे आहे. ९०० कस म्हणजे हजार भागांत नऊशे भाग शुद्ध चांदी आणि उरलेले बहुतांशी तांबे. म्हणजे या नाण्यात शुद्ध चांदी १९.९८ ग्रॅम भरते. ही तुलना आपल्याकडच्या नाण्यांशी करून पाहण्यासारखी आहे. भारत सरकारने २०११ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षानिमित्त काढलेले दीडशे रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे आणि ४४ मिलिमीटरचे आहे. पण ते चार धातूंच्या मिश्रणाचे असून त्यात चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम आहे. हातात घेतल्यावर टागोरांचे नाणे बरेच मोठे वाटते, पण चांदी व्हर्नच्या नाण्यात अधिक. नुसत्या आकारावरून किंमत ठरवणारे येथे फसतात.

‘दीड युरो’ हे दर्शनी मूल्य पाहून अनेकांना नाणे खोटे असल्याची शंका येते, कारण युरोपात रोजच्या वापरात दीड युरोचे नाणे नाही. ते नाही म्हणूनच हे मूल्य निवडलेले आहे. युरो वापरणाऱ्या देशांनी संग्राहकांसाठी काढलेल्या नाण्यांची दर्शनी मूल्ये चलनातल्या नाण्यांहून वेगळी असावी लागतात, आणि अशी नाणी फक्त ती काढणाऱ्या देशातच कायदेशीर चलन मानली जातात. फ्रान्सपुरते आणखी एक जुने कारण आहे. १९९६ आणि १९९७ मध्ये, युरो येण्याच्या आधीच, पॅरिसच्या टांकसाळीने ‘दहा फ्रँक – दीड युरो’ अशी दुहेरी मूल्ये असलेली चांदीची नाणी काढली होती. पुढे १ युरोचा दर ६.५५९५७ फ्रँक असा कायम झाला, त्या हिशेबाने दीड युरो म्हणजे दहा फ्रँकांच्या अगदी जवळची रक्कम होते. तेव्हा हे विचित्र मूल्य शंकेचे कारण नसून उलट अस्सलपणाशी जुळणारी गोष्ट आहे. ‘दीड युरो आहे, फ्रान्समध्ये कोठेही खपेल’ असे सांगून कोणी किंमत वाढवू लागला, तर मात्र त्याच्याकडे लक्ष देऊ नये. त्या मूल्याला खरेदीत काही अर्थ नाही.

येथेच आणखी एक भेद समजून घ्यावा. पॅरिसची टांकसाळ नाण्यांप्रमाणेच पदकेही पाडते, आणि साहित्यिकांवरची तिची पदके पुष्कळ आहेत. पदकावर दर्शनी मूल्य नसते. फ्रेंच पदकाच्या कडेवर सहसा फळाफुलांनी भरलेल्या शिंगाची बारीक खूण आणि धातूचे नाव ठोकलेले असते. चांदीच्या पदकावर ‘आर्जां’ हा चांदीसाठीचा फ्रेंच शब्द आढळतो. पदके सुंदर असतात आणि स्वतंत्रपणे जमवण्यासारखी असतात, पण जाहिरातीत ‘व्हर्नचे चांदीचे नाणे’ म्हणून पदक खपवले जात असेल तर ती वेगळी वस्तू आहे आणि तिची किंमतही वेगळी. म्हणून विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंइतकेच कडेचे छायाचित्र आवर्जून मागावे.

दुसरी पायरी : किमतीचा हिशेब आधी, मोह नंतर

नाण्याच्या किमतीचे दोन भाग मनात वेगळे ठेवावेत. पहिला भाग धातूचा. त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा किलोचा भाव हजाराने भागून १९.९८ ने गुणला की धातूची किंमत निघते. भाव किलोला एक लाख रुपये धरला, तर ती १,९९८ रुपये होते. या आकड्याच्या खाली कोणी नाणे देऊ करत असेल, तर तो विक्रेता अडाणी आहे असे समजून आनंदून जाण्यापेक्षा नाणे चांदीचे नसावे असेच आधी धरून चालावे. दुसरा भाग संग्राहकाच्या मागणीचा. तो नाण्याच्या स्थितीवर, मूळ पेटी सोबत आहे की नाही यावर आणि त्या वेळी किती जण ते शोधत आहेत यावर ठरतो. हा भाग कळण्यासाठी विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहून उपयोग नाही. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांच्या, म्हणजे संपलेल्या लिलावांच्या किमती पाहाव्यात आणि निदान काही महिन्यांच्या नोंदी एकत्र कराव्यात.

बंद पारदर्शक पेटीत प्रतवारी करून मिळणाऱ्या नाण्यांचा प्रश्न येथे येतो. अमेरिकेतील एनजीसी आणि पीसीजीएस या दोन संस्था नाण्याला ७० पर्यंतच्या मोजपट्टीवर गुण देऊन ते सीलबंद करतात. गुणांची ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकी सेंटांसाठी मांडली होती. ६९ आणि ७० गुणांच्या नाण्यांत साध्या डोळ्याला दिसणारा फरक फारसा नसतो, पण किमतीत तो मोठा असू शकतो. ज्याला कादंबरीच्या प्रेमापोटी एकच नाणे घ्यायचे आहे, त्याने सत्तराव्या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सीलबंद नाणे घ्यायचेच असेल, तर पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा आणि तेथे छायाचित्र असेल तर ते समोरच्या नाण्याशी ताडून पाहावे. पेट्यांचीही नक्कल होते.

मूळ मखमली पेटी आणि क्रमांकित प्रमाणपत्र असेल तर उत्तमच, परंतु त्यांना पुरावा मानू नये. प्रमाणपत्र हा शेवटी कागद आहे, आणि रिकाम्या पेट्या व सुटी प्रमाणपत्रेही बाजारात विकली जातात. आधी नाणे आपल्या कसोटीला उतरले पाहिजे, मग पेटीकडे पाहावे.

तिसरी पायरी : परदेशातून मागवताना

जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार नाणी आणि मौल्यवान धातू सर्वसाधारणपणे विमा न उतरवलेल्या टपालातून पाठवता येत नाहीत. अनेक खासगी कुरिअर कंपन्या नाणी घेतच नाहीत. ‘भेटवस्तू’ असे लिहून साध्या पाकिटातून पाठवतो, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला नकार द्यावा. पाकीट हरवले तर भरपाई मिळत नाही आणि सीमाशुल्क खात्याने ते उघडले तर जबाबदारी मागवणाऱ्याची असते. चांदीच्या आयातीवरचे शुल्क आणि निर्बंध सरकार वेळोवेळी बदलत असते, म्हणून पैसे भरण्याआधी त्या तारखेला लागू असलेला नियम सीमाशुल्क दलालाकडून किंवा खात्याकडून लेखी समजून घ्यावा. पावतीवर नाण्याचे नाव, वर्ष, कस, वजन आणि खरी किंमत असावी. युरोपात राहणाऱ्या नातेवाइकाकडून नाणे मागवणे अनेकांना सोयीचे वाटते. त्यानेही ते सामानात आणताना खरेदीची पावती सोबत ठेवून विमानतळावर विचारणा झाल्यास ती दाखवावी.

एक सूचना उलट दिशेच्या व्यवहाराबद्दल. परदेशी संग्राहक कधी कधी व्हर्नच्या नाण्याच्या बदल्यात शिवराई किंवा मोगल रुपया मागतात. १९७२ च्या पुरावशेष आणि कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. असा बदला कितीही फायद्याचा वाटला तरी करू नये.

चौथी पायरी : नाणे हाती आल्यावरची तपासणी

पार्सल उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर चित्रीकरण करावे, म्हणजे वाद झाल्यास पुरावा राहतो. टेबलावर मऊ, धुतलेले सुती कापड दुपदरी अंथरावे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि नाणे नेहमी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कडेनेच धरावे. नाण्यावर वाकून बोलू नये. थुंकीचा अगदी सूक्ष्म तुषारही प्रूफ, म्हणजे आरशासारख्या चकचकीत पाडलेल्या, नाण्याच्या पृष्ठभागावर काही महिन्यांत करडा ठिपका होऊन बसतो आणि मग तो निघत नाही.

प्रूफ नाणे म्हणजे काय, हे ठाऊक असले की तपासणी सोपी होते. यासाठी ठसा आणि कोरी चकती दोन्ही आधी चकचकीत केलेली असतात आणि नाण्यावर ठशाचा दाब एकाहून अधिक वेळा दिला जातो. त्यामुळे मोकळा भाग आरशासारखा आणि चित्राचा उठाव धुकट पांढरा दिसतो. तपासणीसाठी खोलीतले बाकीचे दिवे मालवून एकच दिवा ठेवावा, नाणे त्याच्या प्रकाशात हळूहळू कलते करावे आणि सराफ वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याशी धरावे. आरशासारख्या भागावर एकाच दिशेने गेलेल्या केसांसारख्या बारीक रेघा दिसल्या, तर कोणीतरी नाणे कापडाने पुसले आहे असे समजावे. ही रेघ नाणे सपाट धरले असता दिसत नाही, प्रकाश एका विशिष्ट कोनातून पडला की अचानक चमकते. म्हणून विक्रेत्याने समोरून काढलेल्या छायाचित्रात ती कधीच सापडत नाही. उठावाच्या कडा धारदार असाव्यात. ओतून केलेल्या नकलेत त्या गोलसर होतात, अक्षरांच्या खाचांत बारीक पुरळासारखे फुगे दिसतात आणि कडेवर जोडाची रेघ असू शकते.

यानंतर टांकसाळीच्या खुणा शोधाव्यात. १८८० पासून पॅरिसच्या नाण्यांवर समृद्धीच्या, म्हणजे वर सांगितलेल्या फळाफुलांनी भरलेल्या शिंगाची खूण असते. तिच्या जोडीला मुख्य उत्कीर्णकाची, म्हणजे ठसे कोरणाऱ्या प्रमुखाची, स्वतःची खूण असते आणि ती व्यक्ती बदलली की खूणही बदलते. म्हणून नाण्यावरचे वर्ष आणि उत्कीर्णकाची खूण एकमेकांशी जुळतात का, हे त्याच वर्षाच्या दुसऱ्या एखाद्या फ्रेंच नाण्याशी, अगदी रोजच्या वापरातल्या फ्रेंच युरोशीही, ताडून पाहता येते. नक्कल करणारे मोठे चित्र नीट उतरवतात, पण या मिलिमीटरभराच्या खुणांत हमखास घसरतात. मुंबई टांकसाळीचे ‘एम’ हे अक्षर भारतीय प्रूफ नाण्यांवर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशी खूण कोठे आणि किती बारीक असते याची सवय असेलच.

आता वजन आणि व्यास. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्यावा, तो वापरण्याआधी त्याच्यासोबत आलेल्या वजनाने जुळवून घ्यावा आणि वजन तीनदा करावे. व्यास मोजताना लोखंडी कॅलिपरच्या टोकांनी कडेवर ओरखडा पडतो, म्हणून प्लास्टिकचा कॅलिपर वापरावा. आकडे २२.२ ग्रॅम आणि ३७ मिलिमीटर यांच्या अगदी जवळ आले पाहिजेत. चुंबकाला चांदी चिकटत नाही, पण तांबे, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत. तेव्हा चुंबकाची परीक्षा फक्त लोखंडाचा गाभा ओळखण्यापुरती कामाची आहे. नाणे फरशीवर वाजवून पाहण्याची जुनी रीत प्रूफ नाण्यासाठी पूर्णपणे वर्ज्य समजावी.

पाचवी पायरी : पाण्यातले वजन

ही परीक्षा घरी करता येते, तिला खर्च नाही आणि तीत नाण्याला इजाही होत नाही. नाणे टांकसाळीच्या किंवा प्रतवारी संस्थेच्या सीलबंद पेटीत असेल तर ती करू नये. सुटे नाणे असेल आणि वरच्या तपासणीत थोडीही शंका आली असेल तर अवश्य करावी.

काट्यावर लहान काचेचा पेला ठेवावा, त्यात नाणे पूर्ण बुडेल इतके ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घालावे आणि काटा शून्यावर आणावा. हे पाणी औषधांच्या दुकानात किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते; नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि क्षार चांदीवर डाग पाडतात. नाण्याभोवती बारीक नायलॉनच्या धाग्याचा सैल फास घालावा आणि धागा वर धरून नाणे पाण्यात असे लोंबते ठेवावे की ते तळाला किंवा पेल्याच्या भिंतीला कोठेही टेकणार नाही. नाणे आडवे सोडले तर त्याच्या खाली हवेचा बुडबुडा अडकतो, म्हणून ते तिरके करून हळू सोडावे आणि बुडबुडे दिसल्यास बाहेर काढून पुन्हा करावे. या वेळी काट्यावर जो आकडा येतो, ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, आणि तेच नाण्याचे घनसेंटिमीटरमधले आकारमान.

९०० कसाच्या चांदीची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १०.३१ ग्रॅम आहे. २२.२ ला १०.३१ ने भागले की २.१५ येते, काट्याने २.१५ च्या आसपासचा आकडा दाखवला पाहिजे. तेवढ्याच वजनाचे चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे नाणे असेल तर आकडा २.४८ येतो, पितळ असेल तर त्याहूनही पुढे २.६ च्या घरात जातो, आणि शिशाचा गाभा असेल तर तो २ च्या खाली उतरतो. हा फरक काट्याच्या चुकीच्या कितीतरी पलीकडचा असल्यामुळे निकाल स्वच्छ लागतो. अडकलेला बुडबुडा आकडा वाढवतो, म्हणजे खरे नाणेही हलके दाखवतो. पहिल्याच आकड्यावरून विक्रेत्याशी भांडायला जाऊ नये. परीक्षा झाली की नाणे पुसू नये. मऊ टिपकागदावर किंवा सुती कापडावर ठेवून वरून नुसते टिपावे आणि अर्धा तास वाऱ्यावर वाळू द्यावे.

घनतेने फसवता येईल असा एक धातू आहे. मॉलिब्डेनमची घनता १०.२८, म्हणजे आपल्या आकड्याला अगदी खेटून. असे नाणे विरळाच, पण किंमत मोठी असेल तर क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावरही नाणे तपासून घ्यावे. हॉलमार्किंग केंद्रांत आणि मोठ्या सराफांकडे असे यंत्र असते. ते फक्त वरचा अगदी पातळ थर वाचते, त्यामुळे जाड मुलाम्याला फसते. पाण्यातले वजन आतला गाभा पकडते आणि यंत्र वरचा थर. दोन्ही निकाल जुळले तर शंकेला जागा उरत नाही. सराफाकडे जाताना एक गोष्ट दारातच बजावून सांगावी : कसोटीच्या दगडावर घासायचे नाही, कानस लावायची नाही आणि आम्लाचा थेंब टाकायचा नाही. दागिन्यांच्या सवयीने सराफाचा हात सहज कसोटीकडे जातो, आणि एका घासण्याने नाण्याची संग्राहक-किंमत संपते.

सहावी पायरी : ठेवायचे कोठे आणि कशात

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळट निळी आणि शेवटी काळी, असा तिचा रंग पालटत जातो. कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट, खारी हवा ही क्रिया वेगाने घडवते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती मंद असते. गंधक घरात कशाकशातून येते, हे कळले की निम्मे काम होते : रबर बँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद, पुठ्ठा, काही प्रकारची मखमल आणि रंगवलेले कापड. यातले काहीही नाण्याच्या पेटीत असू नये. या कादंबरीची जुनी प्रत आणि नाणे एकत्र ठेवण्याची कल्पना फार सुंदर वाटते, पण पुस्तकाचा आम्लधर्मी कागद आणि पुठ्ठा नाण्याला मारक आहेत. शेजारी शेजारी मांडावे, पुस्तकाच्या पानांत घालू नये. प्लायवूडच्या नव्या कपाटातून निघणारी चिकटद्रव्यांची वाफ आणि डांबराच्या गोळ्या यांपासूनही नाणे दूर असावे.

नाण्यांच्या अल्बमची मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाने बहुधा पीव्हीसीची असतात. काही वर्षांत त्यातून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. त्याऐवजी ३७ मिलिमीटर व्यासाची कडक अॅक्रिलिकची गोल डबी घ्यावी. डबी एक मिलिमीटरनेही मोठी नको, कारण आत हलणारे नाणे स्वतःच घासले जाते. ही डबी झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या खाद्यडब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. रंग बदलणारे जेल मिळते. रंग पालटला की ते वाळवावे किंवा बदलावे. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळा तोंडावर असताना, एकदा जेल बदलायचे आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा पाहायचे, अशी सवय लावून घेतली की विसर पडत नाही. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे, कारण तळघरातल्या लॉकरची हवा वर्षभर कोंदट असते आणि आपण तेथे वर्षातून एकदाच जातो.

नाणे साफ करणे हा विषय एका वाक्यात संपतो : करू नये. टूथपेस्ट, राखुंडी, चिंच, रांगोळीची पूड, पितांबरी किंवा चांदीचे बाजारी पॉलिश, यांपैकी प्रत्येक वस्तू आरशासारख्या पृष्ठभागावर कायमच्या रेघा पाडते. अॅल्युमिनियमची पन्नी आणि खाण्याचा सोडा वापरून काळेपणा काढण्याची युक्ती भांड्यांना चालते. प्रूफ नाणे तिने निस्तेज आणि पांढुरके होते. सावकाश चढलेला नैसर्गिक रंग हा दोष नाही, काही संग्राहक त्यासाठी अधिक पैसेही देतात. अपवाद फक्त पीव्हीसीच्या हिरव्या चिकट थराचा, कारण तो चांदी खात राहतो. तो काढण्यासाठी काचेच्या भांड्यात शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणे काही मिनिटे बुडवून ठेवावे आणि न घासता वाळवावे. नखपॉलिश काढण्याचे द्रव त्यासाठी चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. आणि अॅसिटोन पटकन पेटत असल्यामुळे हे काम खिडकी उघडी ठेवून, स्वयंपाकघरापासून लांब करावे.

मराठी घरांतला एक प्रसंग येथे मुद्दाम सांगायला हवा. लक्ष्मीपूजनाला घरातली चांदीची नाणी ताम्हनात मांडून पंचामृताने धुण्याची आणि त्यांना हळदकुंकू वाहण्याची रीत आहे. त्यात हे नाणेही आपसूक जाऊन बसते. दही आणि मध यांतली आम्ले, कुंकवाचा रंग आणि हळदीची खरखरीत पूड प्रूफ नाण्यावर एका संध्याकाळीत जे करतात, ते वीस वर्षांची दमट हवा करत नाही. अक्षरांच्या खाचेत बसलेली हळद नंतर कशानेही निघत नाही. पूजेत नाणे मांडायचेच असेल, तर ते डबीतच ठेवून मांडावे, वर अक्षता आणि फूल वाहावे, आणि डबी टिपून मग जागेवर ठेवावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवले, तर पूजेच्या वेळी कोणाचा अवमान होत नाही आणि नाणेही वाचते.

सातवी पायरी : नोंद

प्रत्येक नाण्यामागे एक पान असावे. त्यावर नाण्याचे नाव, टांकसाळ, वर्ष, कस, वजन, व्यास, पाण्यातल्या वजनाचा आकडा, खरेदीची तारीख, किंमत, विक्रेता आणि आयात शुल्काची पावती यांची नोंद करावी. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढून ठेवावीत. आरशासारख्या भागावरची एखादी जन्मजात खूण किंवा ठिपका टिपून ठेवला, तर चोरी झाल्यास नेमके आपलेच नाणे ओळखता येते. हा कागद नाण्याच्या डबीत न ठेवता घराच्या इतर दस्तऐवजांत ठेवावा.

त्याच पानावर, घरातल्या कोणालाही कळेल अशा भाषेत, हे नाणे मोडीत देऊ नये, असे लिहावे. संग्राहक गेल्यावर घरची मंडळी त्याची चांदी सराफाकडे नेतात, सराफ तूट धरून मोडीच्या भावाने ती घेतो आणि नाणे मुशीत जाते. त्यात कोणाचा दोष नसतो, सांगणारे कोणी उरलेले नसते इतकेच. म्हणून विकायची वेळ आल्यास नाणेसंग्राहकांच्या लिलावात किंवा परदेशी स्मरणनाणी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जावे, डबीतून न काढता दाखवावे, निदान दोन ठिकाणी किंमत विचारावी आणि त्या दिवसाच्या भावाने १९.९८ ग्रॅम चांदीचे जे मोल होते, त्याच्या खाली कोणत्याही परिस्थितीत उतरू नये, एवढ्या चार सूचना त्याखाली लिहून सही करावी.